तुरुंगवाचक बोलीशब्द : बेळगाव-निपाणी सीमाभागातील काही नोंदी

१. प्रास्ताविक

काही वर्षांपूर्वीचा प्रसंग आहे. वर्गातील एक हुशार विद्यार्थी चार-पाच दिवस गप्प गप्प होता. हजेरी घेताना त्याला कारण विचारले. तो बोलला नाही. मागच्या बाकावरून उत्तर आले, "सर, त्याचा मोठा भाऊ सासुरवाडीला गेलाय." प्रस्तुत लेखकाने शब्दाचा सरळ अर्थ घेतला आणि म्हटले, "अरे वा! लग्न कधी झालं? आम्हाला पेढे नाहीत?" सारा वर्ग खो खो हसला. तो मुलगा मान खाली घालून बसला आणि दुसऱ्या दिवसापासून महाविद्यालयात यायचा थांबला. त्याचा भाऊ तुरुंगात होता, हे नंतर शिपायाकडून कळले.

एका शब्दाचा अर्थ शिक्षकाला ठाऊक नसावा आणि त्याची किंमत विद्यार्थ्याने मोजावी, ही गोष्ट मनाला लागून राहिली. त्यानंतर बेळगाव, निपाणी, चिकोडी, संकेश्वर या पट्ट्यात 'तुरुंगात असणे' या एका अर्थासाठी कोणकोणते शब्द वापरले जातात, याकडे कान देऊन ऐकण्यास सुरुवात केली. या भागात मराठी, कन्नड आणि दखनी या तिन्ही बोली एकाच बाजारात, एकाच बसमध्ये आणि पुष्कळदा एकाच घरात नांदतात. त्यामुळे येथील शब्दसंग्रह अभ्यासण्यासारखा आहे. प्रस्तुत लेखात या शब्दांचा अर्थ, त्यांची घडण आणि त्यांच्यामागील सामाजिक वास्तव यांचा थोडक्यात परिचय करून देण्याचा प्रयत्न आहे.

२. गुप्तभाषा म्हणजे काय ?

प्रत्येक व्यवसायाची आपली एक बोली असते. गुराच्या बाजारातील दलाल रुमालाखाली बोटे धरून भाव ठरवतात. सराफ, आडते, हमाल यांचेही खास शब्द असतात. आपल्याकडे करपल्लवी आणि नेत्रपल्लवी ही नावे जुन्या काळापासून प्रचारात आहेत. गुन्हेगारी जगाची भाषा हा याच प्रकाराचा एक भाग होय. मात्र तिचे प्रयोजन केवळ सोय नसून लपवणूक हेही असते.

भारतात या विषयाचा छापील अभ्यास बराच जुना आहे. विल्यम स्लीमन या इंग्रज अधिकाऱ्याने ठगांच्या 'रामसी' या सांकेतिक बोलीचा कोश १८३६ मध्ये कलकत्त्यात प्रसिद्ध केला. विसाव्या शतकात भक्तिप्रसाद मल्लिक यांनी पश्चिम बंगालमधील गुन्हेगारांच्या भाषेचा अभ्यास १९७२ मध्ये ग्रंथरूपाने मांडला. मल्लिक यांना 'पोलीस' या एका अर्थाचे ४१ आणि 'बॉम्ब' या अर्थाचे २१ शब्द आढळले. या सामग्रीचा आधार घेऊन एम. ए. के. हॅलिडे या भाषाशास्त्रज्ञाने १९७६ मध्ये 'प्रतिभाषा' ही कल्पना मांडली. समाजाच्या कडेला ढकलला गेलेला गट मुख्य भाषेचेच व्याकरण वापरतो, पण ज्या गोष्टींशी त्याचा रोज संघर्ष असतो त्यांच्यासाठी नवनवे शब्द घडवतो, असे त्याचे सूत्र आहे. जेथे भीती अधिक, तेथे शब्दही अधिक.

हे सूत्र मान्य केले तर तुरुंगासाठी शब्दांची एवढी गर्दी का, याचा उलगडा होतो. आणखी एक गोष्ट येथे लक्षात घेतली पाहिजे. आज हे शब्द गुन्हेगारांपुरते राहिलेले नाहीत. 'सत्या' (१९९८), 'वास्तव' (१९९९) यांसारख्या चित्रपटांनी मुंबईची टपोरी बोली खेडोपाडी पोहोचवली. सुपारी, पेटी, खोका, गेम, पंटर हे शब्द आता ज्यांनी पोलीस ठाण्याची पायरी चढलेली नाही अशा मुलांच्याही तोंडी असतात. म्हणून एखादा विद्यार्थी हे शब्द वापरतो, यावरून त्याच्याविषयी काहीही अनुमान काढणे चुकीचे ठरेल.

३. प्रमाण शब्दही बाहेरूनच आलेले

बोलीशब्दांकडे वळण्यापूर्वी प्रमाण भाषेतील शब्द पाहणे उपयुक्त ठरेल. आपण ज्याला शुद्ध मराठी समजतो तो 'तुरुंग' हा शब्द मुळात पोर्तुगीज आहे. पोर्तुगीज भाषेत 'त्रोंको' म्हणजे झाडाचे खोड. कैद्याचे पाय अडकवण्याच्या लाकडी ओंडक्यालाही तोच शब्द होता आणि पुढे त्यावरून कैदखान्यालाही. गोव्याचे कोशकार मॉन्सिन्यॉर दाल्गादो यांनी आशियाई भाषांतील पोर्तुगीज शब्दांच्या आपल्या ग्रंथात (१९१३) या शब्दाची नोंद केली आहे. योगायोग असा की, मराठीतही नेमके हेच घडले आहे. झाडाचे ते खोड आणि कैद्याच्या पायात घालायचा तो खोडा. लिस्बनच्या आणि आपल्या माणसाने एकाच वस्तूवरून एकच शब्द घडवला.

कैद, कैदी, जामीन, वकील, गुन्हा, सजा, फरार, हवालात हे शब्द अरबी-फार्सीतून आले आणि मराठी, कन्नड, दखनी या तिन्ही भाषांत रुजले. कन्नडमध्ये ते कैदि, जामीनु, वकील, सजा अशा रूपांत आढळतात. 'कारागृह' हा संस्कृत शब्द मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषांतील सरकारी फलकांवर दिसतो. कन्नडचा घरचा शब्द 'सेरेमने' हा आहे. 'जेल' हा इंग्रजी शब्द तर सर्वांचाच झाला. म्हणजेच कचेरीत आणि कोर्टात गेल्यावर सीमाभागातील तिन्ही भाषिक बव्हंशी एकच शब्दसंग्रह वापरतात.

याच थरातील एक शब्द विशेष बोलका आहे. उर्दूत सक्तमजुरीच्या शिक्षेला 'कैद-ए-बामशक्कत' म्हणतात. 'मशक्कत' म्हणजे कष्ट. हाच शब्द मराठीत 'मशागत' होऊन शेतात आला. निपाणीचा शेतकरी तंबाखूच्या रानाची मशागत करतो तेव्हा त्याच्या तोंडी तोच शब्द असतो, जो कैद्याच्या शिक्षेत असतो.

४. बोलीशब्दांचे गट

या भागात ऐकू येणाऱ्या शब्दांचे, त्यांतील प्रतिमेनुसार, पुढीलप्रमाणे गट पाडता येतात.

(अ) नात्यावरून आलेले शब्द : मराठीत 'सासुरवाडी', दखनीत 'ससुराल' आणि कन्नडमध्ये 'मावन मने' म्हणजे सासऱ्याचे घर. दूर तमिळमध्येही सासूचे घर या अर्थाचा शब्दप्रयोग तुरुंगासाठी होतो. चार भाषांत एकच कल्पना आहे. जावई सासुरवाडीत काम करीत नाही, वेळेवर जेवतो, त्याची बडदास्त ठेवली जाते. कैद्याची स्थिती याच्या नेमकी उलट. आपल्या काव्यशास्त्रात याला 'विपरीत लक्षणा' म्हणतात. विद्यार्थ्यांना ही संज्ञा शिकवताना याहून जिवंत उदाहरण सापडणे कठीण.

या गटाला या भागात आणखी एक पदर आहे. मराठीत पोलिसाला 'मामा' म्हणतात. कन्नडमध्ये 'माव' या शब्दाचा अर्थ मामाही होतो आणि सासराही. दक्षिण महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. त्यामुळे येथे मामाचे घर हेच पुष्कळदा सासरचे घर असते. पोलीस 'मामा' झाला की त्याची कोठडी 'सासुरवाडी' होणे ओघानेच येते. ही या शब्दांची व्युत्पत्ती आहे असा दावा नाही, परंतु ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही शब्द एकमेकांना बळकटी देतात, एवढे म्हणता येईल.

मात्र हा विनोद फक्त पुरुषांचा आहे, हे विसरता कामा नये. पुरुषाची ती 'सासुरवाडी', स्त्रीचे ते 'सासर'. सासरी स्त्रीला बसून जेवण मिळत नाही, कष्ट करावे लागतात आणि तिच्या जाण्यायेण्यावर नजर असते. 'सासुरवास' आणि 'तुरुंगवास' हे दोन शब्द एकाच साच्यातून निघाले आहेत. तुरुंगाला 'सासर' म्हणून हसणारी स्त्री सहसा आढळत नाही.

(आ) पाहुणचाराचे आणि अन्नाचे शब्द : 'सरकारी पाहुणा', 'सरकारचा जावई', 'बिनभाड्याची खोली', 'फुकटची भाकरी' हे प्रयोग सर्वांच्या परिचयाचे आहेत. हिंदीतील 'बडा घर' हाही याच कुळातील. कन्नडमध्ये 'मुद्दे मुरियुवुदु', म्हणजे नाचणीचा उंडा मोडून खाणे, असा प्रयोग आहे. नाचणीचा उंडा हे जुन्या म्हैसूर भागातील अन्न. बेळगावकडे ज्वारीची भाकरी खाल्ली जाते, तरी कन्नड चित्रपटांमुळे हा प्रयोग इकडेही समजतो.

या गटातील 'पाहुणचार' हा शब्द सावधपणे घ्यावयास हवा. पोलीस कोठडीच्या संदर्भात पाहुणचार म्हणजे मारहाण. 'प्रसाद' या शब्दाचाही तोच अर्थ. गोड शब्दाखाली कायद्याने निषिद्ध असलेली गोष्ट झाकली जाते. अटक झालेल्या व्यक्तीच्या नातेवाइकाला कळवणे, अटकेचा पंचनामा करणे, ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी करणे यासंबंधीचे निर्देश सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये दिले आहेत. 'चांगला पाहुणचार झाला' हे वाक्य हसत ऐकताना त्या निर्देशांची आठवण ठेवावी.

(इ) श्रमाचे शब्द : 'खडी फोडायला जाणे' आणि 'चक्की पिसणे' हे दोन प्रयोग ब्रिटिश अमदानीतील सक्तमजुरीची आठवण आहेत. कैद्यांकडून दगड फोडून घेणे, दळण दळून घेणे, तेलाचा घाणा ओढून घेणे हे तेव्हा नित्याचे होते. थोर उर्दू कवी आणि स्वातंत्र्यसैनिक मौलाना हसरत मोहानी यांना १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली शिक्षा झाली, तेव्हा त्यांच्याकडून तुरुंगात दळण दळून घेतले गेले आणि त्या चक्कीचा उल्लेख त्यांच्या काव्यात कायमचा राहिला. आज कुठल्याही कारागृहात हाताची चक्की हे शिक्षेचे साधन राहिलेले नाही. वस्तू गेली, शब्द उरला. येथेही एक गोष्ट नजरेत भरते. जे दळणे घरातल्या बाईचे रोजचे काम होते, तेच पुरुषाला शिक्षा म्हणून दिले जाई.

(ई) वास्तूचे आणि दिशेचे शब्द : 'गजाआड' हा शब्द वृत्तपत्रांनी रूढ केला. कन्नडमध्ये 'कंबि एणिसुवुदु' म्हणजे गज मोजणे. 'अंडा सेल' हा शब्द कोठडीच्या अंडाकृती रचनेवरून आला आणि मुंबईच्या बातम्यांतून इकडे पोहोचला. पण सर्वांत जास्त वापरला जाणारा शब्द सर्वांत लहान आहे. तो म्हणजे 'आत'. 'तो आत आहे', 'आत टाकला', दखनीत 'अंदर है', 'अंदर कर दिए'. कोठे आत, हे सांगावे लागत नाही.

'आत'च्या विरुद्ध टोकाला 'तडीपार' आहे. एखाद्याला ठराविक मुदतीसाठी जिल्ह्याबाहेर घालवण्याचा हा आदेश. मराठीतील तड म्हणजे काठ, कड. याच आदेशाला कन्नडमध्ये 'गडीपारु' म्हणतात आणि 'गडि' म्हणजे सीमा. एक भाषा काठाची, दुसरी सीमेची, पण 'पार' दोन्हींत सामायिक. सीमाभागातील माणसाला हे दोन्ही शब्द आपोआप समजतात.

(उ) स्थलनामे : लंडनच्या सदर्क भागातील 'क्लिंक' या तुरुंगाचे नाव इंग्रजीत तुरुंगाचाच पर्याय बनले. आपल्याकडे पुण्यात 'येरवडा' या नावाचे तसेच झाले, शिवाय तेथे मनोरुग्णालय असल्याने त्या नावाला दुसरा अर्थही चिकटला. बेळगाव भागात ही दोन कामे दोन गावांनी वाटून घेतली आहेत. 'धारवाडला पाठवा' म्हटले की मनोरुग्णालय आणि 'हिंडलग्याला पाठवा' म्हटले की मध्यवर्ती कारागृह. 'हिंडलगा कारागृहात रवानगी' हे वाक्य बेळगावच्या मराठी दैनिकांच्या वाचकाला तोंडपाठ असते.

निपाणीकरांच्या बोलीत मात्र दुसरे एक नाव येते, ते म्हणजे 'कळंबा'. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर, तर बेळगाव सुमारे ७५ किलोमीटर. कोगनोळीच्या नाक्यापलीकडे महाराष्ट्र सुरू होतो. नाक्याच्या अलीकडे पकडला गेला तर हिंडलगा, पलीकडे पकडला गेला तर कोल्हापूरचे कळंबा किंवा बिंदू चौकातील उपकारागृह. तुरुंगाच्या नावावरून कोणत्या राज्याच्या पोलिसांनी पकडले हे कळते. असा तपशील सीमेवरच्या बोलीतच सापडायचा.

(ऊ) पुराणकथेवरून आलेला शब्द : 'श्रीकृष्ण जन्मस्थान' हा प्रयोग मराठीत आणि कन्नडमध्येही आहे. कृष्णाचा जन्म कंसाच्या बंदिशाळेत झाला या कथेचा त्याला आधार. या शब्दात थट्टा आहे, पण तुरुंगात असलेला प्रत्येकजण दोषी असतोच असे नाही, ही जाणीवही त्यात आहे.

५. त्याच हिंडलग्याचे दुसरे नाव

आतापर्यंतच्या शब्दांत लाज झाकण्यासाठी केलेला विनोद होता. परंतु याच भागात तुरुंगासाठी अभिमानाची भाषाही आहे. स्वातंत्र्यलढ्यात महात्मा गांधींनी १९३० मध्ये येरवड्याहून लिहिलेल्या पत्रांत त्या तुरुंगाला 'मंदिर' म्हटले. मौलाना अबुल कलाम आझाद यांनी १९४२ ते १९४५ या काळात अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना जी पत्रे लिहिली, ती 'गुबार-ए-खातिर' या नावाने उर्दू गद्याचा मानदंड ठरली.

भाषावार प्रांतरचनेनंतर बेळगाव, निपाणी, खानापूर या भागांत सीमालढा उभा राहिला. १९५६ पासून अनेक पिढ्यांतील सत्याग्रहींनी अटक करवून घेतली. १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात गोळीबारात बळी पडलेल्यांचे स्मारक हिंडलग्यातच आहे आणि तेथे दरवर्षी १ जून रोजी अभिवादन केले जाते. निपाणीत १९८१ मध्ये तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी महामार्ग रोखला, तेव्हाही अटका झाल्या आणि ६ एप्रिल रोजी गोळीबार झाला. या लोकांच्या बोलण्यात 'सासुरवाडी' येत नाही. 'कारावास भोगला', 'तुरुंगवास पत्करला', 'जेल भरले' असे शब्द येतात. 'भोगला' आणि 'पत्करला' या क्रियापदांत कर्ता स्वतः आहे. 'आत टाकला' या प्रयोगात मात्र टाकणारा दुसराच कोणी असतो. इमारत तीच, गज तेच. फरक क्रियापदाचा आहे आणि तो फरक समाजाच्या नजरेतून येतो.

६. 'कच्चा' आणि 'पक्का'

या सर्व शब्दांत सामाजिकदृष्ट्या सर्वांत महत्त्वाची जोडी 'कच्चा कैदी' आणि 'पक्का कैदी' ही होय. ज्याचा खटला अद्याप चालू आहे तो कच्चा, ज्याला शिक्षा झाली तो पक्का. बोलीतील हा भेद अचूक आहे. पण बाकीचे सगळे शब्द, म्हणजे सासुरवाडी, पाहुणा, गजाआड, हा भेद पुसून टाकतात. 'तो आत आहे' एवढे कळले की गल्ली निकाल देऊन मोकळी होते.

आकडे काय सांगतात ते पाहावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत ५,७३,२२० कैदी होते. त्यांपैकी ४,३४,३०२, म्हणजे सुमारे ७५.८ टक्के, कच्चे कैदी होते. दर चार कैद्यांत तिघांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नव्हता.

कच्चा कैदी आत राहतो याचे एक साधे कारण जामीनदार न मिळणे हे असते. सीमाभागात ही अडचण अधिक टोचते, कारण अटक एका राज्यात आणि घरदार, जमीनजुमला दुसऱ्या राज्यात अशी स्थिती अनेकदा येते. यासंबंधी मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७८) हा निकाल प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. एका गवंड्याकडे दहा हजार रुपयांचा जामीन मागण्यात आला होता आणि त्याच्या भावाचा जामीन, भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून, नाकारण्यात आला होता. न्या. कृष्णा अय्यर यांनी ही पद्धत गरिबांवर अन्याय करणारी ठरवली. पुढल्याच वर्षी हुसैनारा खातून खटल्यात (१९७९) त्वरित न्यायचौकशी हा घटनेच्या २१ व्या कलमातील हक्क मानला गेला.

१ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ४७९ व्या कलमानुसार, पूर्वी कधीही दोषी न ठरलेल्या कच्च्या कैद्याने त्या गुन्ह्याच्या कमाल शिक्षेच्या एक तृतीयांश काळ कैदेत काढला असेल, तर त्याला बंधपत्रावर सोडण्याची तरतूद आहे. इतरांसाठी ही मर्यादा निम्म्या काळाची आहे. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा असलेल्या गुन्ह्यांना, तसेच एकाहून अधिक गुन्हे वा खटले प्रलंबित असताना ही सवलत लागू नाही. मुदत भरताच न्यायालयाकडे अर्ज करण्याची जबाबदारी कारागृह अधीक्षकावर टाकलेली आहे. याशिवाय १९८७ च्या विधि सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२ व्या कलमान्वये कोठडीतील व्यक्तीला, उत्पन्नाची अट न लावता, मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा विधि सेवा प्राधिकरणाचे कार्यालय जिल्हा न्यायालयाच्या आवारातच असते.

७. एक सावधगिरी

गुप्तभाषेच्या अभ्यासाला एक काळी बाजू आहे. ठगांच्या कोशापासून पुढे ब्रिटिश राज्यकर्त्यांनी भटक्या लोकांच्या बोलींकडे संशयाने पाहिले. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमातींवर जन्मतः शिक्का मारला. भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या अकराव्या खंडात (१९२२) सिकलगारी, गारुडी, पेंढारी इत्यादींच्या बोलींची नोंद आहे. त्या कष्ट करून पोट भरणाऱ्या माणसांच्या बोली होत्या, गुन्ह्यांच्या नव्हेत. हा कायदा देशभर १९५२ मध्ये रद्द झाला, तरी संशय उरला. कारागृहांच्या नियमावलींत जातीवरून कामे वाटून देणाऱ्या आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणाऱ्या तरतुदी सर्वोच्च न्यायालयाने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता खटल्यात घटनाबाह्य ठरवल्या. म्हणून कोणताही शब्द एखाद्या जातीचा, मोहल्ल्याचा किंवा धर्माचा म्हणून नोंदवू नये. वर पाहिल्याप्रमाणे या भागात तर एकच प्रतिमा तिन्ही भाषांत वावरते.

८. अध्यापकांसाठी

या माहितीचा वर्गात उपयोग काय, असा प्रश्न स्वाभाविक आहे. भाषेच्या शिक्षकाला विपरीत लक्षणा, शब्दांचे स्थलांतर, भाषासंपर्क हे विषय शिकवण्यासाठी येथे भरपूर सामग्री आहे. 'मुलाखत' या एकाच शब्दाचा साहित्याच्या तासाला एक अर्थ आणि कारागृहाच्या फाटकावर दुसरा, हे उदाहरण मुलांना चटकन समजते. समाजशास्त्र आणि नागरिकशास्त्र यांच्या शिक्षकाला कच्चा आणि पक्का या शब्दांवरून जामिनाचा हक्क शिकवता येईल. मात्र उदाहरण घेताना वर्गात अशा घरातील मूल बसलेले असू शकते, हे गृहीत धरूनच बोलावे.

प्रारंभी ज्या विद्यार्थ्याचा उल्लेख केला, त्याच्या घरी प्रस्तुत लेखक नंतर गेला. आई बिड्या वळत होती. तिने बसायला पाट दिला, चहा केला आणि विचारण्याआधीच सांगितले, "थोरला बाहेरगावी गेलाय कामाला. येईल." आपल्याला ठाऊक आहे हे तिला सांगण्याचा धीर झाला नाही. धाकट्याचे शिक्षण बंद पडू देऊ नका, एवढेच बोलून उठलो. पुढे तो परीक्षेला बसला. थोरल्याला काही महिन्यांनी जामीन मिळाला.

जगाच्या भाषेत तो 'आत' होता, आईच्या भाषेत 'बाहेरगावी'. गुप्तभाषेच्या कोणत्याही कोशात हा शब्द सापडणार नाही, कारण तो गुन्हेगारांचा नव्हे, मागे राहिलेल्यांचा शब्द आहे. लपवणूक त्यातही आहे. परंतु ती पोलिसांपासून नाही, शेजाऱ्यांपासून आणि आपल्यापासून आहे.

९. समारोप

वरील विवेचनावरून असे दिसून येते की, बेळगाव-निपाणी भागातील तुरुंगवाचक बोलीशब्द भाषेने निरनिराळे असले तरी प्रतिमेने एक आहेत. त्यांची घडण नाते, अन्न, श्रम, वास्तू आणि गाव या सर्वांच्या ओळखीच्या गोष्टींवरून झाली आहे. त्यांत भीती झाकणारा विनोद आहे, जुन्या शिक्षांची स्मृती आहे आणि सीमेची खूण आहे. पण हे शब्द दोषी आणि आरोपी यांतील भेद पुसतात. तो भेद मुलांच्या मनात जागा ठेवणे हे शिक्षकाचे काम आहे. पुढच्या वेळी मागच्या बाकावरून 'सासुरवाडी' हा शब्द आला, तर शिक्षकाने त्याचा अर्थ ओळखावा, वर्गाचे लक्ष हलकेच दुसरीकडे वळवावे आणि तास संपल्यावर त्या मुलाला बाजूला घेऊन विचारावे, "घरी सगळं ठीक आहे ना? वकील मिळाला का?"